कारळेवालीचा प्रश्न

शिरूरच्या एसटी स्टँडाकडून बाजार समितीच्या बाजूला जाताना उन्हाळ्यात एका वळणावर माणसाला हमखास शिंक येते. नवखा असला तर तो इकडंतिकडं बघतो. गावातला असला तर नाकाला रुमाल लावतो आणि मार्थाबाईंचं कांडप सुरू झालं वाटतं, असं म्हणून पुढं जातो. पत्र्याची शेड, आत खालीवर होणाऱ्या लोखंडी मुसळांचं यंत्र, दारात मिरच्यांच्या पिशव्यांची रांग आणि भिंतीवर एक लाकडी क्रूस. क्रूसावरही तांबडी धूळ बसते. दर शनिवारी, रविवारच्या उपासनेआधी, मार्थाबाई तो ओल्या फडक्यानं पुसून घेतात आणि पुसताना स्वतःच शिंकतात.

मार्थाबाई पाटोळे आता साठीला टेकल्या आहेत. चण बारीक, आवाज मात्र दणदणीत. कांडपाच्या यंत्राशेजारी आयुष्य काढलेल्या बाईचा आवाज दुसरा कसा असणार? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक लग्न होऊन नगरला आहे, आणि मार्थाबाई, त्यांचं यंत्र आणि त्यांचा येशू असा तिघांचा संसार शेडच्या मागच्या खोल्यांत चालला आहे.

त्यांची एक खोड साऱ्या गावाला माहीत आहे. खोड म्हणायची की सेवा, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मसाला करायला आलेल्या बाईला त्या येशूविषयी सांगतात. बाईनं विचारलेलं नसतं. पण बाई जाणार कुठं? वर्षभराचा मसाला परक्यावर टाकून कुणी बाजारात हिंडायला जात नाही. आपली मिरची आपल्याच डब्यात पडते ना, पुढच्या बाईच्या लवंगीत मिसळत नाही ना, हे बघायला जागेवर बसावंच लागतं. अशी बसलेली बाई मार्थाबाईंना देवानंच धाडलेली वाटते.

हे बाळकडू दौंडचं. मार्थाबाईंचे वडील हरिबा दौंड स्टेशनात पॉइंटमन होते, रुळांचे सांधे बदलायचे. त्या काळी मनमाडकडच्या गाड्यांचं इंजिन दौंडला एका टोकाचं सोडून दुसऱ्या टोकाला जोडायचे, आणि तेवढा वेळ गाडी नुसती उभी असायची. ड्यूटी नसली की हरिबा पाण्याची कळशी घेऊन फलाटावर जायचे, खिडकीतून पेला आत द्यायचे आणि माणूस पाणी पिईपर्यंत येशूचं काहीतरी सांगायचे. "आधी पाणी द्यायचं, मंग बोलायचं," असं ते लेकीला शिकवायचे. आणखी एक सांगायचे. "आपण सांगत ऱ्हायचं. एक दिस कुणीतरी इचारंल, ‘मग?’ तवा समजायचं, त्यानं ऐकलं." हरिबांना काही कुणी ‘मग?’ विचारलं नाही. बहुतेक वेळा पेला परत यायच्या आतच गाडी सुटायची.

मार्थाबाईंपुढची अडचण वेगळी होती. यंत्र सुरू असताना त्या शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला कळत नाही. पण मसाला काही एका दमात होत नाही. एकदा कुटला की यंत्र थांबवायचं, चाळायचं, चाळणीवरची भरड पुन्हा उखळात टाकायची, पुन्हा कुटायचं. चाळताना जी शांतता मिळते, त्या शांततेत मार्थाबाईंची सुवार्ता बसते. त्यांची आवडती गोष्ट म्हणजे येशूनं सांगितलेली उधळ्या पोराची. तिचे त्यांनी अनुभवानं तीन भाग पाडलेले आहेत. पहिल्या चाळणीला पोरगं बापाकडून वाटणी घेऊन घर सोडतं. दुसऱ्या चाळणीला पैसे उडवून परमुलखात डुकरं राखतं. तिसऱ्या चाळणीला ते परत येतं आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

आता ज्या बाईचा मसाला थोडका, तिचं काम दोन चाळण्यांत उरकतं. त्यामुळं शिरूरच्या निम्म्या बायकांच्या हिशेबी ते पोरगं अजून डुकरांतच आहे.

कुणी वाकडं बोलायचंही. एकदा बाजारातल्या एका गृहस्थांनी दारात उभं राहून विचारलं, "काय मावशी, मसाला कुटता का बाया बाटवता?" मार्थाबाईंनी नाकावरचा पंचा खाली केला. "तुमच्या घरच्या मागच्या आठवड्यात आल्या व्हत्या. मसाला बिघडला का त्यांचा?" त्या म्हणाल्या. "न्हाई ना? मग त्या बी जशा आल्या तशाच गेल्या." हे त्यांनी टेचात सांगितलं खरं, पण त्यातलं सत्य त्यांनाच टोचत होतं. बायका जशा येत तशाच जात. बसायच्या, माना डोलवायच्या, "व्हय बाई, देव सगळ्यांचा एकच" म्हणायच्या आणि डब्याचं झाकण घट्ट लावून निघायच्या. एवढ्या वर्षांत एकीनंही उलट प्रश्न केला नव्हता. रेडिओ लावल्यावर रेडिओला कुणी प्रश्न विचारतं का?

आणि मार्थाबाईंचीही एक गंमत होती. त्या बायकांना मसाल्यावरून ओळखायच्या. त्रिफळवाली, दगडफूलवाली, धने करपवणारी, खोबऱ्यात हात आखडणारी. नावं कधी विचारायच्या नाहीत. डोळे बांधून पिशवी पुढं केली तरी वासावरून ही कोण ते सांगतील, मग नाव कशाला हवं, असा त्यांचा खाक्या.

त्यांतच एक होती कारळेवाली. मसाल्यात खसखस घालतात, तीळ घालतात, पण कारळे कोण घालतं? कारळ्याची चटणी करतात. ही बाई मात्र मूठमूठ कारळे भाजून आणायची. मसाला काळपट व्हायचा आणि शेडभर खमंग वास सुटायचा. सात-आठ उन्हाळे ती न चुकता येत होती. उंच, सावळी, हिरव्या लुगड्यातली, बोलायला कमी. मसाला मात्र दांडगा आणायची, त्यामुळं गोष्ट नेहमी पुरी व्हायची. तिसऱ्या चाळणीला ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून मार्थाबाईंच्या तोंडाकडं बघत राहायची.

गेल्या उन्हाळ्यात मसाला पिशव्यांत भरून झाल्यावर ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"बाई, मला तुमास्नी एक इचारायचं हाय," ती म्हणाली.

मार्थाबाईंच्या हातातली चाळणी तशीच राहिली. "इचारा की."

तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात स्टँडाकडून हॉर्न ऐकू आला आणि ती गडबडली. "गाडी आली जणू. ऱ्हाऊ द्या. पुढल्या साली इचारीन," असं म्हणत ती पिशव्या सावरत पळाली. घाईत तिची एक रिकामी कापडी पिशवी खिळ्यालाच राहिली.

झालं. मार्थाबाईंच्या डोक्यात किडा सोडून बाई निघून गेली. काय विचारायचं असेल तिला? एवढ्या वर्षांनी एकीच्या मनात प्रश्न आला, आणि तो असा गाडीत बसून निघून गेला. मार्थाबाईंनी वर्षभर तयारी केली. येशू देव कसा आणि देवाचा पुत्र कसा, हे चर्चच्या पाळकसाहेबांकडून दोनदा समजून घेतलं. तुम्ही कुंकू का लावत नाही, मेल्यावर तुमच्यात काय होतं, आम्ही आमचे देव सोडायचे का, या सगळ्यांची उत्तरं त्यांनी भाकरी थापता थापता पाठ केली. पाळकसाहेब हसून म्हणाले, "मार्थाबाई, परीक्षा तिची आहे का तुमची?" मार्थाबाईंना हसू आलं नाही. त्यांना मनापासून वाटत होतं, की या एका प्रश्नावर आपल्या सगळ्या बोलण्याचं खरंखोटं होणार आहे. एकीला तरी काही पोचलं का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

आणि यंदा कारळेवाली आलीच नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. मे अर्धा सरला, मिरच्यांच्या पिशव्यांची रांग आखूड झाली. मार्थाबाई दारातून स्टँडाकडं बघून बघून थकल्या. शेजारी रजियाबींचं खड्या मसाल्याचं दुकान आहे. दोघींची मैत्री जुनी, भांडणंही जुनी. रजियाबी सगळं बघत होत्या.

"मार्था, त्या बाईची एवढी वाट बघतेस, तर जाऊन ये की," एके दिवशी त्या म्हणाल्या.

"कुठं जाऊ? नाव ठावं न्हाई, गाव ठावं न्हाई. दौंडच्या गाडीनं येती, एवढंच."

"पिशवीवर काय लिहिलंय बघ."

खिळ्यावरच्या पिशवीवर एका किराणा दुकानाचं नाव होतं आणि खाली लहान अक्षरांत देऊळगाव राजे. दौंडच्याही पलीकडचं, भीमेकाठचं गाव. मार्थाबाई चक्रावल्या. दौंडात कांडपाची यंत्रं काय कमी आहेत? स्वतःच्या तालुक्याचं गाव ओलांडून बाई मसाला करायला शिरूरला कशाला येते? क्षणभर त्यांना वाटलं, आपल्या गोष्टीसाठी तर नव्हे? आणि त्या चक्क लाजल्या.

"आणखी एक सांगू?" रजियाबी म्हणाल्या. "ती इथून निघाल्यावर दौंडच्या गाडीला जायचीच नाही आधी. पुण्याकडच्या गाड्या लागतात ना, तिकडं जायची. दोन वेगळ्या पिशव्या मागायची माझ्याकडं, दर साली. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

"आन् हे आत्ता सांगतीस व्हय?"

"तू कधी विचारलंस?" रजियाबी म्हणाल्या. "जा. पिशवी द्यायला आले म्हणून सांग. प्रश्न ऐकायला आले म्हणालीस, तर लोक हसतील."

दुसऱ्या दिवशी मार्थाबाईंनी शेडला कुलूप घातलं आणि दौंडची एसटी धरली. दौंडला उतरल्यावर स्टेशनाकडं नजर गेलीच. बाप कळशी घेऊन उभा राहायचा ती जागा आता ओळखूही येत नव्हती. तिथून पुढं वडापच्या रिक्षात कोंबून घेऊन त्या देऊळगाव राजेला पोचल्या तेव्हा ऊन तापलं होतं. पिशवीवरचं दुकान लगेच सापडलं. गल्ल्यावर पोपटराव नावाचे जाडजूड गृहस्थ पेपरानं वारा घेत बसले होते.

"मला एका बाईकडं जायचंय," मार्थाबाईंनी सांगितलं.

"नाव काय बाईचं?"

"नाव न्हाई ठावं."

"नवऱ्याचं?"

"ते बी न्हाई."

पोपटरावांनी पेपर खाली ठेवला. "मग काय ठावं हाय?"

"मसाला," मार्थाबाई म्हणाल्या. "ब्याडगी जास्ती, लवंगी बेताची. धने खरपूस. आन् मूठमूठ कारळं."

असला पत्ता पोपटरावांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी मान मागं करून घरात हाक दिली, मार्थाबाईंची सगळी यादी पुन्हा म्हणून दाखवली, आणि आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "शेवंताकाकू. मसाल्यात कारळं दुसरं कोण घालतंय? नदीकडच्या वाटंला, शेवटलं घर."

शेवंता. मार्थाबाई ते नाव मनात घोळवत उन्हातून चालू लागल्या आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली. चांगला मेंढपाळ आपल्या एकेका मेंढराला नावानं हाक मारतो, हे त्यांनी या बाईला कितीदा सांगितलं होतं. सांगणारीला मात्र तिचं नाव परक्या गावातल्या दुकानात कळलं होतं.

शेवटल्या घराच्या ओसरीवर एक बाज होती. तिच्यावर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा रस्त्याकडं तोंड करून बसला होता. मार्थाबाई लांबून दिसल्यापासून तो त्यांच्याकडं टक लावून बघत होता, आणि त्या जवळ आल्यावर, आपल्याला हवं ते माणूस नव्हे अशा तऱ्हेनं, त्यानं मान वळवली.

"शेवंताबाई हायेत का? मी शिरूरची. कांडपवाली."

शिरूर म्हणताच म्हाताऱ्याचा चेहरा दगडासारखा झाला. आतून शेवंताबाई कणकेच्या हातानं बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं बया. तुम्ही? हितं?"

"पिशवी राहिली व्हती तुमची," मार्थाबाईंनी पिशवी पुढं केली.

शेवंताबाईंनी पिशवीकडं बघितलं, मार्थाबाईंकडं बघितलं आणि त्यांना आत ओढून नेलं. "एका पिशवीपायी एवढ्या लांब कोण येतंय?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. मार्थाबाईंना खोटं रेटता येईना. "तुम्ही काय इचारणार व्हता ते ऐकायला आले," त्यांनी सांगून टाकलं. "वरीसभर झोप न्हाई मला."

शेवंताबाई हसल्या. एवढ्या वर्षांत मार्थाबाईंनी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. त्यांनी पाण्याचा तांब्या दिला, चहाचं आधण ठेवलं. चुलीवर आमटी रटरटत होती आणि मार्थाबाईंच्या नाकाला काहीतरी खटकलं. त्यांनी फळीकडं बघितलं. दुकानातलं मसाल्याचं पाकीट, कात्रीनं कोपरा कापलेलं.

"यंदा मसाला न्हाई केला?" त्यांना राहवलं नाही.

"न्हाई." शेवंताबाईंनी पदरानं हात पुसले आणि जवळ सरकून बसल्या. "इचारू आता?"

"इचारा."

"तुमच्या त्या गोष्टीत पोरगं परत येतंय. बाप पळत जातोय, गळ्यात पडतोय. सगळं खरं. पर बाई, त्या पोराची आई कुठं व्हती?"

मार्थाबाईंनी वर्षभराची उजळणी आठवून बघितली. येशू देव कसा ते तयार होतं. कुंकवाचं तयार होतं. मेल्यानंतरचं सगळं तयार होतं. ही गोष्ट त्यांनी हजारदा सांगितली असेल, आणि त्या स्वतः एका लेकीची आई होत्या, पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

"तसं काय लिवलेलं न्हाई," त्या अखेर म्हणाल्या.

"लिवलं न्हाई म्हंजी नव्हती व्हय?"

मग आयुष्यात पहिल्यांदा मार्थाबाईंनी समोरच्या बाईला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? कुठं असंल ती?"

शेवंताबाईंनी ओसरीच्या दाराकडं एक नजर टाकली. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा सुदर्शन. सणसवाडीच्या कंपनीत लागला, तिथंच काम करणाऱ्या अक्षदाशी त्यानं लग्न केलं. मुलगी त्यांच्या जातीतली नव्हती. आण्णांनी, म्हणजे बाजेवरच्या त्या म्हाताऱ्यानं, पोराला सांगितलं की या घराचं दार तुला बंद. पोरानंही हट्टानं तोंड दाखवलं नाही. मग शेवंताबाईंनी मसाल्याचं निमित्त काढलं. शिरूरचं कांडप चांगलं, बाकीचे मसाला जाळतात, असं नवऱ्याच्या गळी उतरवलं. दर उन्हाळ्यात सुदर्शन सणसवाडीहून शिरूरच्या स्टँडावर यायचा, आणि मायलेकरं पुण्याकडच्या फलाटावर उभ्याउभ्या भेटायची. एक पिशवी आईची, एक पोराची. कारळे त्याच्यासाठी. त्याच्याशिवाय त्याला घास उतरत नाही.

"म्हंजी त्या दिवशी हॉर्न वाजला ती..."

"त्याची गाडी," शेवंताबाई म्हणाल्या. "गावातल्या एकानं आमास्नी बघितलं आन् ह्यांना सांगितलं. हे वरडले न्हाईत. नुसतं म्हणले, मसाला आता गावात करायचा. मी म्हणलं, मग मी करतच न्हाई. तवापास्नं पाकिटाचं खातोय. एक शबुद बोलत न्हाईत, आन् मी बी बोलत न्हाई."

मार्थाबाई त्या कापलेल्या पाकिटाकडं बघत राहिल्या.

"म्हणून मला वाटतं," शेवंताबाई म्हणाल्या, "ती आई बापाच्या चोरून जात असंल पोराकडं. डुकरांपाशी बी गेली असंल, भाकरी घिऊन."

"मग त्याची भूक का गेली न्हाई?" मार्थाबाईंनी विचारलं. वादासाठी नव्हे, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भाकरीनं कशी जाईल? भाकरी आईनं दिली. दार बापाचं व्हतं."

मार्थाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीनं नेहमीच येतं, पण इथं मिरची नव्हती. आपल्याला वाटत होतं आपण हिला गोष्ट सांगतोय, आणि ही इतकी वर्षं त्या गोष्टीत राहात होती. आपण एकदाही विचारलं नाही, बाई, तू कोण, घरी कोण असतं.

"शेवंताबाई, माझ्याकडं उत्तर न्हाई," त्या म्हणाल्या.

"नसू द्या. मला उत्तराचं काय करायचंय?" शेवंताबाईंनी त्यांचा हात धरला. "तुम्ही आलायसा तर एक करा. ती गोष्ट सांगा. पयल्यापास्नं. जरा मोठ्यानं."

मार्थाबाईंना उमगलं. त्यांनी दाराकडं बघितलं. बाजेची करकर थांबली होती. त्यांना एकदम भीती वाटली. शेडमध्ये बायका उठून जाऊ शकत नव्हत्या. इथला माणूस स्वतःच्या घरात होता, त्याला राग आला तर तो त्यांना हाकलू शकत होता, आणि मागं शेवंताबाईंना सोसावं लागलं असतं. पण शेवंताबाईंनी धरलेला हात सोडला नाही. मार्थाबाईंनी मनात प्रभूचं नाव घेतलं आणि यंत्राशेजारचा आपला आवाज लावला.

"एका बापाला दोन पोरं व्हती. धाकटा बापाला म्हणाला, माझी वाटणी मला आत्ताच द्या. बापानं दिली. पोरगं उठलं आन् पार लांब निघून गेलं. जाताना त्यानं मागं वळून सुदिक बघितलं न्हाई."

आणि इथं मार्थाबाई थांबल्या. मुद्दाम नाही. इथं नेहमी पहिली चाळणी संपते आणि यंत्राचं बटण दाबायचं असतं. त्यांचा हात सवयीनं हवेत पुढं गेला, तिथं बटण नव्हतं, आणि पुढचं वाक्य काही केल्या जिभेवर येईना. घरात आमटी रटरटत होती, एवढाच आवाज.

ओसरीवरून खाकरल्याचा आवाज आला.

"मग?" आण्णा म्हणाले.

दौंडचा फलाट, बापाच्या हातातली कळशी, सुटलेल्या गाड्या, सगळं एका शब्दात समोर उभं राहिलं. मार्थाबाईंनी पुढं सांगायला घेतलं. दुसऱ्या चाळणीशी त्या थांबल्या नाहीत. डुकरं आली, भूक आली, आणि पोरानं घरची वाट धरली.

"तो अजून लांबच व्हता," त्या म्हणाल्या, "तवाच बापाला दिसला. बापाचं काळीज हाललं आन् तो पळत सुटला."

"थांबा." आण्णा आता उंबऱ्याशी उभे होते. एक हात चौकटीला धरलेला. "लांबनं कसा दिसला त्याला? म्हातारा माणूस. डोळं धड नसतील. वळखला कसा?"

हे काही मार्थाबाईंच्या तयारीत नव्हतं. पण याचं उत्तर त्यांनी आज येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

"तो रोज रस्त्याकडं तोंड करून बसत असंल, आण्णा," त्या म्हणाल्या. "येणाऱ्या जाणाऱ्याला न्याहाळत."

आण्णा आत आले. शेवंताबाई खाली मान घालून बसल्या होत्या. आण्णांनी फळीवरचं मसाल्याचं पाकीट उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि परत ठेवलं.

"ह्याला काय चव न्हाई," ते म्हणाले.

"न्हाईच," शेवंताबाई म्हणाल्या.

"बाजारात मिरच्या असतील का अजून?"

"असतील की," मार्थाबाई पटकन म्हणाल्या. "आन् यंत्र माझं सुरूच हाय."

"मग सोमवारी शिरूरला जाऊ." आण्णा बायकोकडं न बघता बोलत होते. "चौघांना पुरंल एवढा कर. कारळं घाल."

"मी जाईन की एकटी. तुमचं गुडघं..."

"मी येतो संगं," आण्णा म्हणाले. "चौघांचं वझं एकटीला झेपायचं न्हाई." आणि ते पुन्हा ओसरीवर जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसले.